पुनवेची मोठी भरती

खैरुनबी देवगडाकडच्या एका खाडीच्या तोंडावरची पोर. बाप अमीन तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या. जन्मल्यापासून तिच्या कानात समुद्राची गाज, आणि लग्न होऊन आली ती कुठं, तर कोल्हापुरात, गंगावेशीच्या आतल्या गल्लीत. इथं पाण्याचा आवाज म्हणजे घाटावर म्हशी डुंबताना व्हायचा तेवढाच. नवरा चमन मणेर बांगड्या विकायचा. दर हिवाळ्यात तो फोंडा घाट उतरून कोकणात माल घेऊन जायचा, आणि एका साली बांगड्यांचा हारा रिकामा करून परतला तो सोयरीक जुळवूनच.

शाहू महाराजांचं राज्य होतं. तिकडं विलायतेला मोठी लढाई पेटलेली. कोल्हापुरातून कोणाला धरूनबिरून नेलं असं काही घडलं नव्हतं. जाणारे आपल्या खुशीनं पलटणीत जायचे. पण बसऱ्याच्या आघाडीवर गेलेल्या माणसांच्या गोष्टी बाजारात फिरत, आणि गोष्ट जितकी फिरेल तितकी ती फुगे.

खैरुनला या कशाचा पत्ता नव्हता. ती आपली सदा हसतमुख. सासू चाँदबी बायकांच्या हातात बांगड्या भरायची, तेव्हा ही शेजारी बसून गिऱ्हाईक बायकांना असं बोलण्यात गुंतवायची की मनगटावरून बांगडी कधी चढली ते त्यांना कळायचं नाही. एक खोड मात्र होती. चंद्र दिसला की ती थांबायची. चंद्र केवढा झाला त्यावरून माहेरी पाणी कुठवर आलं असेल, होड्या कुठं असतील, याचा हिशोब मनात आपोआप मांडला जायचा, आणि मग तिला आत कुठंतरी गुदगुल्या व्हायच्या.

माघातल्या अष्टमीला संध्याकाळी ती शेजारणीबरोबर पंचगंगेवर पाण्याला गेली. शेजारीण शांतव्वा. नवऱ्याचं, मल्लाप्पाचं, सरकी-पेंडीचं दुकान. बाई मनानं सोनं, पण ऐकण्यापेक्षा सांगण्याची घाई जास्त. त्यात तिच्या पैलवान पोराचं, शिवानंदचं, लग्न येत्या पुनवेवर आलेलं, त्यामुळं तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"काय गं, वर काय बघत्यास?" शांतव्वानं विचारलं.

"अष्टमी झाली हो अक्का. आज आमच्याकडे भांग."

शांतव्वाची घागर पाण्यात बुडता बुडता थांबली. "भांग?"

"अष्टमीला भांगच. सगळं मरगळलेलं, कशात जोर म्हणून नाही." खैरुनचे डोळे चमकायला लागले. "पण पुनवेला बघा तुम्ही! पुनवेला मोठी भरती!"

"भरती? ह्या पुनवंला?"

"ह्या पुनवेला तर उधाणच! घरात एक बाप्या राहत नाही. हाका मारमारून सगळ्यांना खाली बोलावतात. म्हातारा म्हणून सुटका नाही, तरणा म्हणून नाही. आणि मग दोर लावून जे ओढतात, जे ओढतात! बाबा तर स्वतः पुढं उभे राहून ओढून घेतात."

"तुझा बा?"

"तांडेल ना ते! त्यांच्याशिवाय कोण करणार?"

होड्यांचं नाव काढायचं ती विसरली. जिथं ती वाढली तिथं भरतीला ओढायचं म्हटल्यावर होडीच, दुसरं काय? ती बोलली असती पुढं, पण तेवढ्यात एक म्हैस शिंगं हलवत आली, तिनं शांतव्वाच्या घागरीला धक्का दिला, घागर निघाली वाहत, आणि शांतव्वा "अय्यो शिवा, माझी घागर!" करत काठाकाठानं पळाली. घागर सापडली. पण घाटावर परत यायला शांतव्वाकडं वेळ नव्हता. तिच्या पोटात आता घागरीपेक्षा जड माल होता.

तांडेल! सुभेदार, हवालदार, तांडेल. कानाला कसं एका रांगेतलं लागतं. म्हणजे मणेराच्या सुनेचा बाप सरकारी बोटीवरचा साहेब. त्याच्या लेकीला आतली बातमी कळणारच. शांतव्वानं ती बातमी आधी शेजारच्या घरात सांगितली, मग दूधवाल्याच्या, मग देवळाच्या पायरीवर. देवळापासून ती तालमीत गेली. तालमीत पोचेपर्यंत दोराचा साखळदंड झाला होता. रंकाळ्याकडं वळली तेव्हा बोटीसुद्धा आल्या होत्या. आता कोल्हापूरला बोटी कुठून येणार, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

मणेराच्या दारात शांतव्वा सगळ्यात शेवटी आली, आणि तिथं भरतीचं बोलण्याची तिला चोरी वाटली. म्हणून चाँदबीच्या कानात ती दुसरंच कुजबुजून गेली.

खैरुन कळशी घेऊन घरात शिरली तो सासू समोर कंबरेवर हात ठेवून उभी.

"आ कर."

खैरुनला वाटलं, दात बघतायत. तिनं आ केला. चाँदबीनं नाक पुढं आणून वास घेतला.

"काय खाल्लंस?"

"भाकरी-ठेचा, अम्मा."

"आन पेलीस काय?"

"ताक."

"कसलं ताक?"

"म्हशीचं!"

"शांतव्वा म्हनती तू अष्टमीला भांग घेतीस. वर त्या पोरीला म्हनं लाजबी वाटत न्हाई, हसत हसत सांगती!"

खैरुनला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा ती कळशीसकट खाली बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अम्मा, भांग म्हणजे प्यायची नव्हे! चंद्र अर्धा असला की समुद्राचं पाणी थोडंच चढतं नि थोडंच उतरतं. त्याला आम्ही भांग म्हणतो."

चाँदबी विचारात पडली. "आमच्यात एक भांग पितात आन एक केसात पाडतात. पान्यात कुठनं आली ही तिसरी?" पण सून हसताना इतकी गोड दिसत होती की तिलाही हसू फुटलं, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसत बसल्या. भरतीचा विषय निघालाच नाही.

पुढचे काही दिवस गल्ली चमत्कारिक वागत होती. खैरुन दिसली की पुरुषमाणसं बोळात वळत. तालमीतला शड्डूचा आवाज कमी कमी होत गेला. चहावाल्याच्या बाकावर म्हातारेच उरले, तेही पाय ओढत, मुद्दाम लंगडत चालायला लागले. खैरुनला वाटलं, थंडीनं सगळ्यांचे गुडघे धरले असतील. तिनं दोघातिघांना मोहरीच्या तेलानं चोळायला सांगितलं. ते आणखीच लंगडले.

मग हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी ती माजघरात गेली तो चमन खिडकीतून अर्धा बाहेर. एक पाय आत, एक गल्लीत, आणि गळ्यात भाकरीचं फडकं.

"कुठं निघालात हो?"

चमननं वळून पाहिलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "खैरू, तू शांतव्वाला सांगितलंस, साऱ्या गावाला कळलं, आन मला न्हाई सांगितलंस? सख्ख्या नवऱ्याला? तुझा बा जावयाला तर सोडंल का असं विचारलं मी तालमीत. तर म्हनले, पैला तुझाच नंबर!"

"कसला नंबर?"

"भरतीचा! पुनवंच्या! शिवा तर सकाळीच गेला. गल्लीत आता म्हातारी नि रेडकं तेवढी ऱ्हायल्यात."

खैरुननं त्याचा सदरा धरला. घाटावरचं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवलं, आणि ते आता कोल्हापूरच्या कानांनी ऐकू आलं. घरात एक बाप्या राहत नाही. दोर लावून ओढतात. बाबा स्वतः पुढं उभे राहून. "या अल्ला!" ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. कारण शिवानंद गेला होता आणि परवा त्याचं लग्न होतं. चमनला तिनं आत ओढलं, भिंतीला टेकवून बसवलं, आणि भरती म्हणजे काय ते सांगितलं. चमन दरसाल कोकणात जाणारा माणूस. त्यानं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. तो आधी ओशाळला, मग स्वतःच्या गळ्यातल्या भाकऱ्यांकडं बघून असा हसायला लागला की चाँदबी धावत आली.

तिघंही शांतव्वाकडं गेली. शांतव्वा हळदीचं पातेलं मांडीवर घेऊन रडत बसली होती. नवरी संकेश्वराहून निघाली होती; तिची माणसं उद्या दुपारी दारात येणार, आणि नवऱ्यामुलाचा पत्ता नाही.

"अक्का, भरती म्हणजे समुद्राचं पाणी वर चढतं, ते," खैरुन म्हणाली.

शांतव्वानं नाक पुसलं. "पाऊस पडून?"

"पावसाशिवाय."

"मग पूर?"

"पूरही नाही. आपलं आपणच चढतं. मग उतरतं, त्याला ओहोटी म्हणतात. रोज दोनदा. पुनवेला नि अवसेला जास्त."

"रोज कोन वततंय एवढं पानी? आन परत काढतंय कोन?"

"चंद्राकडं ओढ असते त्याची."

"काई तर सांगू नगंस. मग दोर लावून वडतात ते काय?"

"होड्या! भरतीच्या पाण्यावर होड्या वर ओढून घेतात!"

शांतव्वाचे ओठ हलत होते. सगळं बोलणं ती मनात पुन्हा वाचून बघत होती. मग तिनं कपाळावर हात मारला, तो हळदीचा होता, आणि कपाळ पिवळंधमक झालं. "म्हंजी मी माझ्याच हातानं माझा पोरगा पळवला की गं!" असं म्हणून ती जी हसायला लागली ती थांबेचना. मल्लाप्पा दुकानातून घाबरून आला. त्याला वाटलं बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला.

"ऊठ," शांतव्वा चमनला म्हणाली, "बैलं जुप. पन्हाळ्याच्या वाटंवर शिवाच्या मामाचं गुऱ्हाळ हाय. माझं बेणं गुळाबिगर कुठं जायाचं न्हाई."

गाडी गल्लीबाहेर पडते न पडते तोच आकाराम शिंपी आडवा आला. हा माणूस काडीसारखा. सगळं गाव भरतीला भिऊन पळालेलं आणि हा एकटा भरतीची वाट बघत बसलेला. कोण्या पेन्शनीत आलेल्या शिपायानं उसवायला दिलेला खाकी कोट त्यानं अंगात चढवला होता, बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, आणि कपाळाला कुंकवाचा टिळा.

"वैनी," तो खैरुनला म्हणाला, "तांडेलसायबांस्नी माझं नाव सांगा. छाती कमी भरंल, पर जीव लई हाय."

खैरुनला त्याची दया आली. गाडीत बसवून वाटेत समजावू, असा विचार करून तिनं त्याला हात दिला. समजावलंही. आकारामचा चेहरा एवढासा झाला. मग पुलावर वारा लागला, बैलांच्या घुंगरांनी लय धरली, चमननं मध्येच खिडकीतली स्वतःची नक्कल करून दाखवली, आणि आकारामही हसला. सगळी गाडीच हसत निघाली. कोट मात्र काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गुऱ्हाळ लांबूनच दिसलं. चुलवाणाचा धूर सरळ वर चाललेला, उकळत्या रसाचा वास वाऱ्यावर. गंगावेशीतली सगळी तरणी पोरं तिथं. कोणी घाण्यात ऊस सारत होता, कोणी काकवी बोटानं चाटत होता. लपायला आलेली वाटतच नव्हती, जत्रेला आलेली वाटत होती. मधोमध शिवानंद, हातात रसाचा तांब्या.

त्याची नजर गाडीवर गेली. गाडीत खाकी कोट.

"आलेऽऽ!" तो ओरडला. तांब्या उडाला. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळे पैलवान उसात घुसले. नुसते शेंडे हलताना दिसत होते. एक जण पिळलेल्या उसाच्या चोयट्यांच्या ढिगात डोकं खुपसून बसला, बाकीचा देह बाहेर. मागं उरला म्हातारा ज्ञानू गुळव्या आणि त्याची काहील. आणि काहिलीतला रस नेमका उफाळण्याच्या बेतात.

"आरं, ढवळायला कोन न्हाई! उतू जातंय सारं!" ज्ञानू बोंबलला.

खैरुन गाडीतून उडी टाकून धावली. काहिलीत पिवळा फेस फुगत होता, काठाशी येऊन थरथरत होता, कडेकडेनं गोल फिरत वर, आणखी वर. कितीतरी महिन्यांत तिनं असं काही पाहिलं नव्हतं. पाणी वर चढतंय! तिचं भान सुटलं. दोन्ही हात वर करून ती किंचाळली, "भरती! भरती आली! भरतीऽऽ!"

उसाचे शेंडे आणखी आत पळाले.

"अगं गप!" चमननं तिच्या तोंडावर हात ठेवला, पण तो स्वतःच हसून दुमडला होता. ज्ञानूनं चार थेंब एरंडेल फेसात टाकलं. फेस धपकन बसला.

"ही ओहोटी," खैरुन धापा टाकत म्हणाली.

"हीच?" शांतव्वा पुढं आली. तिनं काहिलीत डोकावून पाहिलं. जाळ लागला, फेस पुन्हा चढला. "आन ही भरती?" ज्ञानूनं पुन्हा थेंब टाकला. "आन ही वटी?" तिला आता पटलं, आणि पटल्याचा आनंद तिच्यानं आवरेना. उसाकडं तोंड करून, गंगावेशीपर्यंत जाईल अशा आवाजात ती गरजली, "शिव्याऽऽ! बाहीर ये! समुंदर उतू जातुया, त्याला भरती म्हंत्यात! तुला कुत्रं बी इचारत न्हाई!"

उसातून मग एक आवाज, "मग त्यो शिपाई कोन?"

"आकाराम हाय त्यो! शिंपी!"

आकारामनं बाह्या वर सारून हात दाखवले. आधी चोयट्यांच्या ढिगातला देह सुटा झाला. मग एकेक डोकं बाहेर आलं, केसांत पाचट, गालांवर ओरखडे. शेवटी शिवानंद. तो खैरुनसमोर येऊन उभा राहिला.

"वैनी, कुराणाची आन घेऊन सांगा. पुनवंला भरती हाय का न्हाई?"

"आहे," खैरुन म्हणाली. तो पुन्हा वळायला लागला तसा तिनं त्याचा हात पकडला. "पण ती दर पुनवेला असते. तुमच्या आजोबांच्या लग्नातसुद्धा होती. ती समुद्राला येते हो, माणसाला नाही."

शिवानंदनं काहिलीकडं बोट केलं. "म्हंजी तिकडं समुंदर फुगणार, आन हिकडं माझं लगीन?"

"एकाच दुपारी."

पैलवानाच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं की ज्ञानूनं त्याच्या हातात गुळाचा खडा ठेवला. "जा बाबा," तो म्हणाला, "लई रस पेलास."

परतीला एका गाडीत मावेना. मामानं आणखी दोन गाड्या दिल्या. ढेपा, ऊस, काकवीची मडकी आणि वर पैलवान. पुलावर आले तेव्हा कुणीतरी आरोळी दिली, "गंगावेशीत भरतीऽऽ!" आणि सगळ्यांनी ती उचलली. पोरं घरी आलेली बघून लंगडे म्हातारे ताठ चालत बाहेर आले.

हळद लागली. संकेश्वरची माणसं आली; त्यांना कुणी काही सांगितलं नाही, फक्त इतका गूळ पानात का वाढतायत ते त्यांना कळलं नाही. चाँदबीनं नवरीच्या हातात हिरवा चुडा भरला. पुनवेच्या दुपारी अक्षता पडल्या. पंगतीला माणूस मावेना तेव्हा शांतव्वा ओसरीवरून ओरडली, "भरती आली रं, पानं वाढवा!" आणि पंगत उठल्यावर, "झाली वटी, पत्रावळी उचला!" त्या दिवसापासून तो शब्द गल्लीला चिकटला. बाजाराला भरती, दुकानाला ओहोटी, जावई आला की आनंदाला उधाण. मल्लाप्पाला सरकीचा भाव पडल्या दिवशी कोणी विचारलं तर तो म्हणे, "भांग हाय आज." कुणी त्याचं तोंड हुंगत नसे.

खैरुन मांडवाच्या कोपऱ्यात उभी होती. नवरीच्या बाजूच्या बायका तिला फुगडीला ओढत होत्या. आत्ता या घटकेला माहेरी पाणी पार माडांच्या मुळाशी आलं असेल, हे तिला ठाऊक होतं, आणि आज पहिल्यांदा ते ठाऊक असणारी ती एकटी नव्हती. समोरून शांतव्वा भुवया उडवून तिला विचारत होती, "आलं का वर?" खैरुननं मान हलवली आणि फुगडीत शिरली.

चैत्रात चमन तिला माहेरी घेऊन निघाला, तर शांतव्वा आपलं गाठोडं घेऊन गाडीत आधीच बसलेली. "सांगून काय उपेग, बघितलं पायजे," म्हणाली. फोंडा घाट उतरताना तिनं दर वळणाला देवाचं नाव घेतलं. अमीन तांडेलानं तिला किनाऱ्यावरच्या पुळणीवर नेलं तेव्हा समुद्र बघून ती पहिल्यांदाच आयुष्यात गप्प झाली.

पाणी चढायला लागलं. ती हलली नाही. पावलं भिजली, घोटे भिजले. "व्हय की गं!" ती हळूच म्हणाली, आणि मग मोठ्यानं, "व्हय की गं खैरू! कोन वतत न्हाई!" लाट आली, तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि नव्या सुनेसारखी खिदळत मागं पळाली. पुन्हा पुढं गेली. पुन्हा पळाली. खैरुन तिच्याबरोबर, दोघींचे हात एकमेकींत, अंगभर पाणी.

पाणी माडांपाशी टेकलं तेव्हा खैरुनच्या आईनं घरून हाक मारली, जेवायला चला. शांतव्वा तिथंच वाळूत ऐसपैस बसली. "तुमी व्हा फुडं," ती म्हणाली, "मला जाताना बी बघायचं हाय."